चौदा पाहुण्यांचं यंत्र

भांडी घासून घासून निरंजनच्या हातांना चिरा पडल्या, तेव्हा त्याची बायको मृदुला त्याला घेऊन डिशवॉशर बघायला नाशिकच्या एका दुकानात गेली. घर भाड्याचं, स्वयंपाकघर चिमुकलं.

दुकानाचे मॅनेजर कुलथे त्यांना स्वस्तातल्या लहान यंत्राकडे बघूच देईनात. "ते कसलं घेता? हे मोठं घ्या. चौदा पाहुण्यांची भांडी एका दमात!"

निरंजन भिडेपोटी मान डोलवू लागला. मृदुलाने मात्र फ्रिजची खोकी सरकवून त्या मोठ्या यंत्रापुढे चिंचोळी जागा केली.

"आमचं स्वयंपाकघर एवढंच आहे. जरा आत उभं राहून यंत्र उघडून दाखवता?"

कुलथे ऐटीत आत शिरले. यंत्राचं दार खाली आलं ते थेट त्यांच्या गुडघ्यांवर. मागे खोकी, दोन्ही बाजूंना खोकी. साहेबांना वळताही येईना.

मृदुला नम्रपणे म्हणाली, "साहेब, भांडी मावतील हो. पण तुम्ही एकटेच अडकलात, मग चौदा पाहुणे कुठे उभे करू?"

सगळं दुकान खदखदून हसलं. पोट आत ओढून कसेबसे बाहेर येत कुलथेही हसले आणि ओट्यावर मावणारं लहान यंत्र त्यांनी स्वतःच उचलून आणलं.