प्लेटमागचा गूळ

एक होती मुंगी. कंबर एवढीशी, तोरा एवढा मोठा.

तिला सापडला गुळाचा खडा. घरी पिल्लं भुकेली. भिंतीत होतं एक चौकोनी भोक. मुंगीनं गूळ भोकात ठेवला आणि गेली पिल्लांना सांगायला. तुरुतुरु, तुरुतुरु.

परत येते तर काय, भोक गायब. तिथं चकचकीत प्लेट. प्लेटीत बसलं होतं पॅनेल. फार म्हणजे फार हुशार पॅनेल. बोट लावलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा सरकतो. पूर्वी उठून बटण दाबावं लागायचं. आता नाही. आता उठून पॅनेल दाबायचं. केवढी सोय.

फट मात्र कुठेच नाही. गूळ आत, मुंगी बाहेर, पिल्लं उपाशी.

मुंगी म्हणाली, "प्लेटबाई, प्लेटबाई, हल ना. गूळ मिळेना."

प्लेट म्हणाली, "मी नाही हलायची. मला आत्ताच पुसलंय. स्क्रू सुटले तर बघू."

मुंगी गेली स्क्रूंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्क्रूबाळांनो, सुटा ना. प्लेट हलेना, गूळ मिळेना."

"आम्ही नाही सुटायचे. आत्ता कुठे बसलोय. स्क्रूड्रायव्हर फिरला तर बघू."

स्क्रूड्रायव्हर पिशवीत लोळत होता. तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्क्रूड्रायव्हरदादा, फिर ना. स्क्रू सुटेनात, प्लेट हलेना, गूळ मिळेना."

"मी नाही फिरायचा. मी काय भिंगरी आहे? वायरमनदादा उठले तर बघू."

वायरमनदादा पायरीवर चहा पीत होते. कितवा, ते विचारू नका. फुर्र, फुर्र. मुंगी आली तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायरमनदादा, उठा ना. स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेनात, प्लेट हलेना, गूळ मिळेना."

"मी नाही उठायचा. बसायलाच आत्ता मिळालंय. काका बोलले तर बघू."

विद्याधरकाका सोफ्यावर. पाय वर. सगळ्या नातेवाइकांना पॅनेलचे फोटो पाठवत होते. टुंग, टुंग. मुंगी आली तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, बोला ना. वायरमन उठेनात, स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेनात, प्लेट हलेना, गूळ मिळेना."

"मी नाही बोलायचा. कशाला बोलू? पॅनेल बिघडलं तर बघू."

मुंगी चढली भिंतीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पॅनेलराव, बिघडा ना. काका बोलेनात, वायरमन उठेनात, स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेनात, प्लेट हलेना, गूळ मिळेना."

"मी नाही बिघडायचा. मी हुशार. मला कोरडं बोट लागतं. कुणी ओलं बोट लावलं तर बघू. पण इतकं अडाणी इथं आहे कोण?"

मुंगी गेली स्वयंपाकघरात. तिथं होत्या कुमुदकाकू. काकूंनी मिक्सर आणला, हळदकुंकू लावलं. स्कूटर आणली, हळदकुंकू लावलं. पॅनेलला मात्र काका नको म्हणाले. ते म्हणे विज्ञान आहे. काकू गप्प बसल्या. भांडी तेवढी बोलत होती. धाड, धाड.

"काकू, ओलं बोट लावा ना. पॅनेल बिघडेना, काका बोलेनात, वायरमन उठेनात, स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेनात, प्लेट हलेना, गूळ मिळेना."

काकू "बघू" म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "एवढंच ना? चल."

काकूंनी कुंकू पाण्यात कालवलं. पॅनेलवर ओढली एक रेघ. दिवा लागला, दिवा विझला. ओढली दुसरी रेघ. पंखा फिरला गरगर, काकांचे उरलेले केस उभे राहिले. झालं छान स्वस्तिक. पडदा वर सर्रर्र, पडदा खाली सर्रर्र. हुशारी अशी की थांबेचना.

मग काय. पॅनेल बिघडलं. काका बोलले. खूपच बोलले. वायरमनदादा उठले. मेन स्विच बंद केला, खट्. स्क्रूड्रायव्हर फिरला, गर्र गर्र. स्क्रू सुटले, टिंग टिंग. प्लेट हलली. गूळ पडला, टप्.

वायरमनदादांनी गूळ बघितला. मान डोलावली. म्हणाले, "हेच कारण. आत गूळ गेला की पॅनेल बिघडणारच."

काकांनीही मान डोलावली. त्यांना म्हणे पहिल्यापासून तीच शंका होती.

काकूंनी लाल बोट पदराला पुसलं, आणि वाकून मुंगीला वाट करून दिली.

मुंगीनं गूळ ओढत ओढत घरी नेला. पिल्लांनी चाटला. मिटक, मिटक, मिटक.

गूळ संपला, गोष्ट संपली. बोटं चाटून झाली असतील तर आता डोळे मिटा.