हत्तीच्या तळ्याचं गाणं

धाकटीला गोवर निघाला त्या वर्षी मी देवीला बोलले होते, की पोर पुन्हा हसतीखेळती झाली तर दर वर्षी हस्त लागला की पाटावर हत्ती काढीन, आळीतल्या मुलींचा भोंडला घालीन आणि खिरापतीचा डबा उघडण्याआधी त्यांना बकुळेची गोष्ट सांगेन. देवीनं माझं ऐकलं. आता तुम्ही ऐका.

कमळापूरच्या राजाचा आपल्या हत्तीवर फार जीव. हत्तीचं नाव मंगल. मंगलला डुंबायला निवांतपणा हवा म्हणून राजानं गावातलं एकुलतं एक तळं त्याच्यासाठी राखून ठेवलं आणि काठावर शिपाई बसवले. नदी दोन टेकड्या ओलांडून. सुना-लेकी पहाटे निघायच्या, ऊन चढल्यावर अर्धी घागर घेऊन परतायच्या. म्हाताऱ्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या. राजा म्हणाला, पाहू.

बकुळा ही मंगलच्या माहुताची, भिवाची मुलगी. हत्तीवर तिचीही माया होतीच, पण डोक्यावरची घागर तिलाही चुकली नव्हती. हस्त लागला तशी तिनं पाटावर हत्ती काढला, मुलींनी फेर धरला, आणि फिरता फिरता तिला गाणं सुचलं:

हत्ती बसला पाण्यात,
घागर रडते दारात,
सांग तळ्या, सांग रे,
कोणाचं पाणी, सांग रे?

झालं. दुसऱ्या दिवशी ते कोष्ट्यांच्या मागावर होतं, तिसऱ्या दिवशी गुराख्यांच्या पाव्यात. ज्या पोरांना आरतीत टाळ्यांचा ताल धरता येत नव्हता ती रिकाम्या घागरीवर ठेका धरू लागली. नवी लग्न होऊन आलेली एक मुलगी नदीच्या वाटेवर ते म्हणता म्हणता मटकन खाली बसली आणि रडली. उठली ती ताठ मानेनं. तिच्या मागच्या सगळ्याजणी म्हणू लागल्या. म्हाताऱ्यांच्या अर्जांनी जे झालं नव्हतं ते झालं, राजाची झोप उडाली.

त्यानं गाण्यावर बंदी घातली. जो म्हणेल तो कोठडीत! चार पोरं आत गेली, तशी बाकीची शब्द गिळून नुसती चाल गुणगुणायला लागली. आता गुणगुणणाऱ्याला पकडायचं तर शिपायांना चाल ठाऊक हवी, म्हणून शिपाई ती शिकले, आणि पहाऱ्यावर स्वतःच तिची शीळ घालायला लागले. राजानं कपाळावर हात मारला आणि भिवाच्या मुलीला बोलावणं धाडलं.

"तुझ्या पाटावरून निघालंय ना ते? मग दसऱ्याला ते गाणं पकडून माझ्यासमोर हजर कर. नाही जमलं तर तुझा बाप हत्ती सोडून राज्याबाहेर जाईल, आणि तळ्याचं नाव पुन्हा कोणी काढायचं नाही."

भिवा हात जोडून गयावया करू लागला. बकुळेनं मात्र खाली मान घालून विचारलं, की गाणं ज्याच्यापाशी सापडेल त्याला शिक्षा काय?

"त्याला?" राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "पाण्याचाच पुळका आहे ना? गावात घरोघरी रोज पाणी भरायला लावीन त्याला. माझा शब्द आहे."

दसऱ्याला दरबार भरला. दाराशी तरण्या पोरापोरींची ही गर्दी. बाहेर झूल पांघरून मंगल उभा. बकुळा एक पितळी डबा घेऊन आली आणि तिनं तो राजापुढे ठेवला.

राजा म्हणाला, उघड. बकुळा म्हणाली, "असा कसा उघडू, महाराज? भोंडल्याचा डबा आहे. खिरापत ओळखल्याशिवाय झाकण काढत नाहीत. आईसाहेबांना विचारा."

आईसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून म्हणाल्या, "बरोबर बोलतेय पोर. ओळख."

आईसमोर राजाचं काय चालणार? त्यानं डबा कानाशी नेऊन हलवला. आत खुडखुड वाजलं. तो म्हणाला, गाणं आहे.

"नुसतं गाणं म्हणून कसं चालेल? लाडू म्हटलं तर कशाचा लाडू ते सांगावं लागतं."

"हत्तीचं गाणं."

"हत्तीची गाणी ढीगभर आहेत, महाराज. कुठलं ते नीट सांगा, नाहीतर डबा घरी नेते."

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान छताकडे पाहू लागला. कोठडीत कोण जाणार? राजा वैतागला. "अगं तेच ते! हत्ती बसला पाण्यात, घागर रडते दारात..."

आणि मुलींनो, तिथं त्याला थांबता येईना. ती चालच तशी होती. पाय आपोआप ठेका धरू लागला, आवाज चढला, "सांग तळ्या, सांग रे..." दाराशी सगळी पोरं ओठ घट्ट मिटून उभी होती. एकाला राहवेना, मग कोणालाच राहवेना. "कोणाचं पाणी, सांग रे?" असा घोष उठला की बाहेर मंगलही कान हलवत डुलू लागला.

गाणं संपलं. राजाचा हात अजून वरच.

बकुळेनं झाकण काढलं. आत खोबऱ्याच्या वड्या.

"गाणं कुठंय?" राजा गरजला.

"आत्ताच सापडलं की, महाराज. तुमच्यापाशी. चालीसकट, ठेक्यासकट." तिनं वडी पुढे केली. "आता शिक्षा तुम्हीच ठरवलेली आहे. घरोघरी पाणी. नदी लांब पडेल, पण तळं जवळ आहे."

पडद्याआडून आधी आईसाहेबांचं हसू ऐकू आलं, मग राजाला असं हसू फुटलं की वडी घशात अडकता अडकता राहिली. त्यानं तळ्यावरचे शिपाई उठवले, कोठडीतली पोरं सोडली, बकुळेच्या हातात सोन्याचं कडं घातलं. आणि दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः मंगलवर बसला. दोन्ही बाजूंना भरलेल्या पखाली, पुढे भिवा, मागे गाणारी पोरं, अशी घरोघरी पाणी वाटत ती स्वारी गावभर फिरली.

माझं बोलणं देवीनं ऐकलं, तसं तुमचंही ऐकेल. तुमच्या दारी भोंडला होईल तेव्हा डबा जरा वेळ झाकलेलाच ठेवा, आणि मुलींना बकुळेचं गाणं एकदा म्हणू द्या. मोठ्यानं म्हणू द्या हं.