तीळभर फरक

"मग पाठवायचं तरी काय, बुवा?" निशिकांत वैतागला. "दरीत रेंज एवढीशी. अख्खं चित्र त्यातून जायलाच तयार नाही."

"मग तू काय करतोस?"

लॅपटॉप मठाच्या कठड्यावर ठेवला होता. पडद्यावर समोरचा डोंगर आणि पायथ्याची खैरवाडी. डोंगराला भेग पडली म्हणून वाडीतली माणसं शाळेत हलवली होती. निशिकांतने दरीत, डोंगरावर रोखून कॅमेरा बसवला, आठवडाभर चित्र पाहिलं आणि काल छातीठोकपणे सांगितलं, डोंगर हलत नाही, घरी जा. माणसं गेली.

रेवणबुवांचा हा लाडका शिष्य. हुशार खरा, पण ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"दर चित्र मागच्या चित्राशी ताडून बघतो," तो म्हणाला. "बदललं तेवढंच पाठवतो. बाकी इकडे जुनंच दिसत राहतं."

"आणि तीळभरच बदललं तर?"

"तीळभर फरक कुणाला दिसतोय? तो सोडून द्यायचा. तीच तर खुबी आहे."

"बरं..." बुवा कठड्याला रेलले. एक हात लॅपटॉपवर. "बघत राहा. काही हललं की सांग."

निशिकांतने पडद्यावर नजर लावली. झाडं तशीच. घरं तशीच.

"हललं?"

"नाही."

...

"आता?"

"काहीच नाही, बुवा. उगाच..."

लॅपटॉप दरीकडे कलंडला. निशिकांतने झडप घालून धरला.

"तुम्ही ढकललात?"

"तीळ तीळ. तू बघतच होतास की."

आठवड्यात पहिल्यांदाच निशिकांतने मान वर करून खऱ्या डोंगराकडे पाहिलं.

पडद्यावर भेगेजवळचं झाड सरळ उभं होतं. डोंगरावर ते वाडीकडे झुकलं होतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बुवा... पोरंबाळं आहेत तिथे. मीच परत पाठवली. अख्खं चित्र मागवून एकदा खात्री करतो. तासभर लागेल फक्त..."

बुवांनी लॅपटॉप मिटला.

"मग सांगू काय त्यांना? एकदम घाबरतील. थोडं सौम्य करून..."

"काही सोडू नकोस," बुवा म्हणाले. "जेवढा घाबरलायस, तेवढाच्या तेवढा वाडीत पोहोच."