सभेचा कौल

"डावी पाकळी पडली तर उद्याची सभा रद्द. असंच ना, गुरुजी?"

"तू म्हणतोस तर असंच. आणि उजवी पडली तर?"

हेमकांत सुर्वेने फुलांची परडी त्यांच्यापुढे सरकवली.

भर दुपारी जाखमातेच्या गाभाऱ्यात दोघेच होते. म्हातारे भार्गव गुरव आणि त्यांचा जुना विद्यार्थी. गुरुजींनी जन्मभर गावच्या शाळेत मुलं शिकवली, निवृत्त झाल्यावर घराण्याकडे चालत आलेली देवीची पूजा हाती घेतली. हेमकांतने पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं ते त्यांच्यासमोर.

आता तो तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. बोलायला लागला की समोरच्याची बोलती बंद! दगडाला पाकळ्या चिकटवून कसले प्रश्न विचारता, असं याच देवळाच्या पायरीवर उभं राहून त्याने गावाला सुनावलं होतं. आणि आज तोच हात जोडून उभा. भीती माणसाला कुठे नेऊन सोडेल, सांगता येत नाही.

गोष्ट अशी झाली होती. खाडीकाठच्या गावांतून नवी रेल्वे न्यायची आणि स्टेशनाभोवती उंच इमारतींचं शहर वसवायचं, असा आराखडा सरकारने काढला. निम्म्यांना तो हवा होता. पोरांना काम मिळेल, अडलेल्या बाईला वेळेत दवाखाना गाठता येईल. निम्म्यांना नको होता. शेतं जाणार, घरं जाणार, आणि तिथे उभी राहणारी घरं आपल्याला कोण देतंय? सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारातून जाणं सोडलं.

तेव्हा हेमकांतच उठला होता. म्हणाला, दोन्ही बाजूंना एका मांडवात बसवू, अधिकाऱ्यांना बोलावू, काय ते तोंडावर विचारू. रविवारची सभा ठरली. सोमवारी हरकती घ्यायची मुदत संपत होती. सभा झाली नाही तर सगळ्यांचं बोलायचं राहूनच जाणार होतं.

आणि मग शिकवणीच्या वर्गाबाहेर मोटारसायकलवर बसलेल्या एका माणसाने हेमकांतच्या मुलीला हाक मारली. नावाने.

"ऋजुता, बाबांना सांग, रविवारी ऊन फार आहे. घरीच बसा म्हणावं."

एवढंच बोलला. हसून.

"पोलिसांत गेलास?" गुरुजींनी विचारलं.

"गेलो. म्हणाले, यात धमकी कुठे आहे, सर?"

"माणूस कुठल्या बाजूचा?"

"तेच तर कळत नाही! रस्त्यात भेटेल त्याच्या तोंडाकडे बघत राहतो मी… हा असेल का, तो असेल का. पोरगी दार वाजलं तरी दचकते. मला झोप नाही, गुरुजी."

"मग सभा नको घेऊस. सांगून टाक लोकांना."

"काय सांगू? सुर्वे सर घाबरले?" त्याचा आवाज चिरकला. "देवीनं नाही म्हटलं, तर कुणी शब्द काढणार नाही. दोन्हीकडचे लोक तिचं ऐकतात. मघाशी सगळ्यांना सांगूनच आलोय, कौल घेतो म्हणून."

वा रे वा! म्हणजे बंदूक देवीच्या खांद्यावर.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली, फुलाच्या दोन पाकळ्या भिजवल्या आणि देवीच्या पाषाणावर चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. हात जोडून हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. मग दोघे वाट बघत बसले.

बाहेर अंगणात माणसं जमत होती. एरवी गलका झाला असता, आज नुसती कुजबुज.

"तुम्हाला नाही भीती वाटत?" हेमकांतने विचारलं.

"वाटते की. माझं घर त्या रुळाखाली येतंय. आणि मला मांडवात काही विचारायचंय, ते विचारताना पाय लटपटणार, हेही ठाऊक आहे."

उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

हेमकांतचा चेहरा पांढरा पडला. "आधीच सुटत आली होती. पुन्हा लावा."

गुरुजींनी पुन्हा लावल्या. पुन्हा उजवी.

"पुन्हा…"

"हेमू, ती उजवी देतेय."

"पुन्हा लावा, पाया पडतो तुमच्या! तुम्हाला लेक नाही, तुम्हाला नाही कळायचं!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. गुरुजींची एकुलती लेक लहानपणीच तापाने गेली होती.

गुरुजींनी दोन्ही पाकळ्या काढून तांब्याशेजारी ठेवल्या. मग बाजूला सरकले.

"ये. तू लाव."

गुरवाखेरीज देवीला कौल कुणी लावत नाही. गावाला कळलं असतं तर गहजब झाला असता. पण हेमकांतने मागेपुढे पाहिलं नाही. पाकळ्या उचलल्या. उजवी पाण्यात चांगली बुचकळली आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवली. डावीला पाण्याचं नुसतं बोट लावलं.

गुरुजी समोरच होते. त्यांनी सगळं पाहिलं.

डावी पाकळी नीट चिकटलीही नव्हती. लगेच पडली.

"पडली!" हेमकांतने मोठा श्वास सोडला. "डावी पडली, गुरुजी. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग झालं. सभा रद्द."

"झालं. बाहेर माणसं ताटकळलीत. सांग त्यांना."

हेमकांत उठला, डोळे पुसले, चेहऱ्यावर सरांचा रुबाब आणला आणि उंबरठ्यापाशी गेला. त्याला बघताच कुजबुज थांबली. अंगणात एका अंगाला आराखडा हवा म्हणणारे, दुसऱ्या अंगाला नको म्हणणारे. मधली जागा मोकळी.

यमुनाकाकू पुढे आल्या. खाडीवर कालवं-शिंपल्या काढून पोट भरणारी बाई, चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही.

"काय म्हणाली आई, सर? मी उद्या बोलणार हाय. घरात भिंतीसमोर उभी ऱ्हाऊन बोलून बघितलं. सुनेनं लय हसून घेतलं. पण येतंय मला आता."

पलीकडून त्यांचा दीर बाबल्या ओरडला. एरवी वहिनीशी न बोलणारा. "बोलू दे तिला! मी पण जबाब देणार हाय. एकदाचं होऊन जाऊ दे."

कुणीतरी हसलं. दोन्हीकडून. मग पुन्हा सगळे हेमकांतच्या तोंडाकडे बघायला लागले. विश्वासाने बघत होते, आणि हेच वाईट होतं.

मागे, फाटकापाशी, कुणीतरी मोटारसायकल उभी करत होतं. कोण ते त्याला दिसेना.

हेमकांतने तोंड उघडलं. मिटलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

तो वळला आणि गाभाऱ्यात येऊन मटकन खाली बसला.

"गुरुजी… माझ्याच्यानं नाही होत. तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत तर मानतील."

"सांगतो की." गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. भ्यालेल्या पोराच्या फिरवतात तसा. उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि मागे वळून हळूच विचारलं,

"सभा नको कोण म्हणालं, म्हणून सांगू? ती… की तू?"