ठकूबाईची हाक

फार जुनी गोष्ट. तेव्हा माळरानाला कुंपणं नव्हती आणि मेंढ्या माणसांशी बोलत असत. कुत्री मात्र तेव्हाही बोलत नसत. ती बिचारी नुसती ऐकायची.

अशाच एका माळावर धुळा नावाचा म्हातारा धनगर मेंढरं राखत असे. त्याची बायको ठकूबाई होती तोवर त्याला कसली म्हणून काळजी नव्हती. त्यांचा कबऱ्या कुत्रा टेकडीपलीकडे असला, तरी ठकूबाईने “यो... यो... यो...” अशी लांबलचक हाक घातली की धुरळा उडवत यायचा. ती पदराची गाठ सोडायची, भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात द्यायची आणि “आला गं माझा राजा!” म्हणत त्याचं डोकं खाजवायची.

“कुत्र्याला लाडावून ठिवलंस,” धुळा म्हणायचा.

“अवो, हाकंला येतंय जनावर. त्याला यायची गोडी नगं व्हय लागाया?” ती हसून म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

किती साधे दिवस होते ते! चुलीचा धूर, घरी परतणाऱ्या मेंढरांच्या घंटा आणि उतरत्या उन्हात तिची ती हाक. धुळाला तेव्हा त्याचं काही विशेष वाटत नसे.

मग एका हिवाळ्यात ठकूबाई गेली. तिच्यामागून कबऱ्याही गेला. धुळाची नजर अधू झाली होती. धनगरांच्या तळाचा म्होरक्या एक दिवस त्याच्यापाशी येऊन बसला.

“धुळातात्या, राग मानू नगा. पाऊस सरला की आपल्याला घाट उतरायचाय. तवर तुमच्यापाशी राखनीचं कुत्रं तयार न्हाई झालं, तर तुमची मेंढरं आमी आमच्यात घेऊ. तुमी घरी बसा.”

घरी बसायचं म्हणजे त्या रिकाम्या खोपटात बसायचं. माळावर निदान वाटेवाटेला ठकूबाई भेटायची; इथे ती पाणी प्यायली, तिथे तिने कोकरू उचललं. खोपटात ती कुठेच नव्हती.

त्याने भुऱ्या नावाचं एक पिल्लू आणलं आणि त्याला शिकवायला घेतलं. आता शिकवायचं म्हणजे काय, तर त्याच्या बापाने शिकवलं तसं, काठीने. भुऱ्या कोकराच्या मागे लागला की काठी. ओढ्यावर हुंदडून उशिरा आला की काठी. मार बसला म्हणजे अक्कल येते, यावर धुळाचा पक्का भरवसा होता. भुऱ्याला अक्कल आलीही, पण वेगळीच. धुळाने हाक मारली की तो काठी पोचणार नाही इतक्या अंतरावर जाऊन बसे. तळावरची माणसं तोंडाला फडकं लावून हसत.

एका दुपारी भुऱ्या सशामागे पळाला. धुळाचा घसा हाका मारून कोरडा पडला. शेवटी भुऱ्या पोट जमिनीला घासत, शेपूट पायात घालून आला. धुळाने काठी उगारली.

“धनी, एक इचारू का?” मागून आवाज आला. कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी रवंथ थांबवून बघत होती. “आत्ता सगळ्यात शेवटाला त्यानं काय केलं?”

“ससा हुसकला!”

“त्ये कवाचं झालं. शेवटाला काय केलं?”

धुळा घुटमळला. “आला.”

“मंग ह्यो मार कशाचा?”

काठी तशीच वर राहिली. मग म्हाताऱ्याने ती खाली ठेवली.

“माझी धनीन असं न्हवती करत,” मेंढी म्हणाली आणि पुन्हा चरायला लागली. मेंढ्यांना कुठे थांबावं ते कळत असे.

धुळाला पदराची ती गाठ आठवली. इतकी वर्षं ती बाई त्याच्या डोळ्यांदेखत शिकवत होती आणि तो त्याला लाड म्हणत होता! त्याला रडू आलं. त्याने डोळे पुसले, घोंगडीच्या टोकाला भाकरीचे तुकडे बांधले आणि हाक घातली. “यो... यो...” आवाज चिरकला. तरी भुऱ्याने कान टवकारले.

पण विश्वास काही एका दिवसात परत येत नाही. आधी धुळा तुकडा लांब टाकी आणि पाठ फिरवून बसे. मग जवळ, आणखी जवळ. भुऱ्या कोकराच्या मागे लागला, तर तो नुसतं तोंड फिरवी, परत आला की मात्र तुकडा आणि “आला रं माझा राजा!” एकदा रागाच्या भरात त्याने दगड भिरकावला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. चूक कोणाची ते त्याला ठाऊक होतं.

पाऊस सरला. तळ घाट उतरू लागला. भुऱ्या तयार झालाय का, हे म्होरक्या बघणारच होता. पहिल्याच संध्याकाळी घाटातल्या एका वळणावर लांडगा दिसला. लांडग्यांचा डाव ठरलेला असतो. एकाने तोंड दाखवून कुत्र्याला लांब न्यायचं आणि दुसऱ्याने मागून कळपात शिरायचं. भुऱ्या त्या लांडग्यामागे बाणासारखा सुटला.

“गेलं कुत्रं!” म्होरक्या ओरडला.

धुळाला धड दिसत नव्हतं. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले. “यो... यो... यो...”

ऐन दौडीत भुऱ्या थबकला. पुढे लांडगा, मागे ती हाक. तो वळला आणि धुरळा उडवत परत आला, तेव्हा दुसरा लांडगा झुडपातून म्हाताऱ्या मेंढीवर झेपावतच होता. भुऱ्या मध्ये पडला. काठ्या घेऊन माणसं धावली आणि लांडग्याने पळ काढला.

धुळाने घोंगडीची गाठ चाचपली. गडबडीत ती सुटून तुकडे कुठेतरी सांडले होते. भुऱ्याने तुकड्याची वाट पाहिली नाही. तो धुळाच्या पायावर डोकं टेकवून बसला. धुळाने त्याला कवटाळलं.

“आला रं माझा राजा,” तो म्हणाला. डोळे मिटल्यावर त्याला वाटलं, हे आपण नाही, ठकूबाईच बोलली.

म्होरक्याने मेंढरांचा विषय पुन्हा काढला नाही. धुळा शेवटपर्यंत माळावर राहिला आणि त्या तळावरचे लोक पुढे काठीबरोबर भाकरीची गाठही बांधून निघू लागले.

लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: हाकेला आलेल्याला मारू नये, मायेनं जवळ घ्यावं, मगच वेळेला तो सगळं सोडून येतो.