‘स्थिर’ शिक्का आणि सशिणीचे बीळ

बाळांनो, एका जंगलात एक साळिंदर राहत असे. त्या जंगलात घरोघरी संगणक होते आणि सगळ्यांवर लिनक्स ही एकच प्रणाली चाले. बाहेरचे जग दाखवणारे ब्राउझरचे इंजिन धडधाकट ठेवणे हे साळिंदराचे काम. इंजिनात दर पंधरवड्याला कुठेतरी चोराला आत शिरता येईल असे भोक सापडे. नव्या आवृत्तीत ते बुजवलेले असे. पण जंगलाचा नियम असा, की एकदा ‘स्थिर’ शिक्का बसला की दोन वर्षे आवृत्ती बदलायची नाही. म्हणून बिचारे साळिंदर नव्यातले ठिगळ काढून जुन्याला लावत बसे. शाबासकी कसली घेऊन बसलात? ठिगळ लावले की संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणून सगळे त्याच्यावरच करवादत.

एकदा मोठे भोक सापडले, आणि इंजिन इतके जुने झालेले की ठिगळ बसेना. साळिंदर शिक्का सांभाळणाऱ्या कासवाकडे गेले आणि नवे इंजिनच घेऊ या म्हणाले.

“दीडशे वर्षांत मी पाठ बदललेली नाही,” कासव म्हणाले. “माझे काय वाकडे झाले?”

“तुमच्या पाठीला भोक नाही, आजोबा.”

कासवाला राग आला. त्याने मान आत ओढून घेतली आणि विषय तिथेच संपला.

मग साळिंदराने दवंडी पिटली, की ब्राउझर उघडू नका. पण संगणकावरचे टपाल दाखवायलाही तेच इंजिन लागते, हे सांगायचे राहून गेले. दमलेल्या जिवाचे होते असे.

सशिणीने ब्राउझरला हातही लावला नाही. महिन्याभराने ‘कोवळे गवत कुठे मिळेल?’ असे एक पत्र आले, ते तिने नुसते उघडले. पत्र कोल्ह्याचे होते. त्या भोकातून तो तिच्या टपालात शिरला, आणि तिने बहिणीला कळवलेली नव्या बिळाची वाट वाचून घेतली. संध्याकाळी सशीण चरून परतली, तेव्हा बिळात तिची तिन्ही पिल्ले नव्हती.

दुसऱ्या दिवशी कासवाने मुकाट्याने शिक्का काढला. साळिंदराने तासाभरात नवे इंजिन बसवले. सशिणीकडे ते स्वतः गेले. तिने एवढेच विचारले, “हे आधी होण्यासारखे होते का?”

साळिंदराला खोटे बोलवेना. “होते, ताई,” ते म्हणाले.

तात्पर्य : भोक ठाऊक असून नियमाकडे बोट दाखवणाऱ्याचे काही जात नाही, जाते ते ज्याला भोक ठाऊकच नव्हते त्याचे.