लाल दोऱ्याची गाठ

फार पूर्वीची गोष्ट. दगडी फरशी फक्त राजवाड्यात असायची आणि बाकी सगळा मुलूख शेणाने सारवलेल्या जमिनीवर जेवायचा, झोपायचा, तेव्हाची.

त्या काळी एका गावात येसाक्का नावाची बाई केरसुण्या बांधायची. शिंदीच्या पात्या काय, कुणीही आणील. पण बांधावी ती येसाक्कानेच. पात्यांची जुडी गुडघ्याखाली दाबायची, वाखाच्या दोरीचे वेढे घालायचे, दोरीचं टोक सगळ्या वेढ्यांखालून ओवायचं आणि दातओठ खाऊन खेचायचं. दोरीत ती एक लाल दोरा वळून घ्यायची. ती तिची खूण. पात्या झिजून बोटभर उरल्या तरी ती गाठ काही हलायची नाही. गावात लग्न लागलं की म्हाताऱ्या बायका नवरानवरीला आशीर्वाद द्यायच्या, "येसाक्काच्या गाठीसारखे टिका रे बाबांनो!"

येसाक्काला मागेपुढे कुणी नव्हतं. वर्षभर तिला कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारायचं नाही. पण चैत्रातला एक दिवस तिचा असे. वेशीपाशी गावाचं अन्नछत्र होतं आणि चैत्रात तिथे गावजेवण व्हायचं. पहिली पंगत बसण्याआधी येसाक्काच्या कोऱ्या केरसुणीला हळदकुंकू लागायचं, तिने जमीन झाडली जायची, आणि मग पाटलीणबाई सगळ्या गावासमोर हाक मारायच्या, "येसाक्का, ये गं, तुझा मानाचा नारळ घे." त्या एका हाकेवर येसाक्का वर्ष काढायची.

एका वर्षी एका व्यापाऱ्याचा नवस फळला आणि त्याने अन्नछत्राला काळ्या दगडाची घोटीव फरशी बसवून दिली. अशी गुळगुळीत, की लोक वाकून वाकून आपलं तोंड बघायचे. गावाला कोण आनंद! पण फरशीचं कौतुक पहिल्या पंगतीपर्यंतच टिकलं. शेणाची जमीन सांडलेली आमटी पिऊन टाकायची. ही फरशीबाई काही पिईना. केरसुणी फिरवावी तर आमटी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरायची. दोन वाढपी तर भाताच्या टोपल्यांसकट आपटले.

अन्नछत्राची झाडलोट येसाक्काच्या शेजारची सगुणा करायची. आता तिला पोतेरं घेऊन गुडघ्यांवर रांगत सगळी फरशी पुसावी लागे. पुसायचं, पिळायचं, पुढे सरकायचं. शेवटी गुडघे सुजले आणि सगुणा भिंत धरून चालायला लागली.

दुसरी एखादी रडत बसली असती. सगुणाने एक काठी घेतली आणि तिच्या टोकाला पोतेरं गुंडाळलं. उभ्याने पुसून पाहिलं, तर चिंधी एकीकडे आणि काठी दुसरीकडे. मग तिने काठीला आडवी पट्टी ठोकली. त्याने फरशी पुसली जाईना, नुसती घासली जायची, आणि आवाज असा की आत रांधणाऱ्या बायका कानांत बोटं घालायच्या. मग ती घरोघर फिरून जुनेर मागायला लागली. कोरं कापड पाणी धरत नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच पाणी पितं, हे तिला पोतेऱ्याने शिकवलं होतं. त्या लुगड्यांच्या तिने लांब पट्ट्या फाडल्या आणि त्यांचा भरघोस झुबका काठीच्या टोकाला बांधला. वाकून पिळायला नको म्हणून घमेल्यावर बांबूची चाळण ठेवली. झुबका त्या चाळणीवर दाबून काठी पिरगाळली की पाणी खाली गळून जायचं.

"अगं बाई! उभ्या उभ्या पुसते ही!" बायका बघायला जमल्या. एकीने हातात घेऊन फिरवलं, दुसरीने फिरवलं. फरशी घटकाभरात कोरडी.

येसाक्का कुंपणाआडून हे सगळं बघत होती. तिच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

"चिंध्यांचं काय एवढं कौतुक!" ती विहिरीवर म्हणाली. "माझ्या हातची केरसुणी दिवाळीला पूजतात. लक्ष्मी असते ती. पोतेरं कुणी पूजलंय का कधी?"

"पूजलं नाही खरं," एक बाई पाणी शेंदता शेंदता म्हणाली, "पण पाटलीणबाई म्हणत होत्या, यंदाचा नारळ सगुणाला द्यायचा."

येसाक्काची घागर तशीच अर्धी राहिली.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. सगुणा दिसली की पोटात दुखायचं आणि नाही दिसली की वाटायचं, कुठे कौतुक करून घेत फिरते आहे कोण जाणे. सगुणा हसली तर 'मलाच हसली', आणि गप्प राहिली तर 'चढली आता'. खरं सांगायचं तर सगुणाचे गुडघे बरे होत होते, एवढंच सगुणाला कळत होतं. नारळाची गोष्ट तिच्या कानावरसुद्धा आलेली नव्हती. पण हेवा करणाऱ्याला समोरच्याच्या मनातलं सगळं समोरच्याच्या आधी कळतं!

एका दुपारी येसाक्काने मनाशी म्हटलं, 'त्यात काय मोठंसं? माझ्या हाताला येणार नाही असं काय आहे?' तिने दार लावलं, आपलं एक लुगडं फाडलं, झुबका केला, आणि काठीला असा आवळला की ज्याचं नाव ते. मग चांगला भिजवून तो घरभर फिरवला.

आता तिच्या घरात जमीन होती शेणाची. ओला झुबका दोनदा फिरला मात्र, जमिनीचा हिरवा राडा झाला. येसाक्का जितकं पुसायला जाई तितका राडा वाढे. शेवटी ती त्याच राड्यात पाय घसरून बसली. सगळं घर पुन्हा सारवायला तिला दिवस पुरला नाही, आणि कंबर धरून ती ज्याला त्याला सांगत सुटली, "त्या सगुणाच्या काठीत काही राम नाही!"

राम होता. पण सगुणाच्या काठीत एक खोटही होती, आणि ती घेऊन एके सकाळी सगुणा येसाक्काच्याच दारात आली.

"आक्का, आहात का घरात?"

"आहे की. मी कुठे जाणार? मला काही गाव बोलावत नाही."

सगुणाने ते मनावर घेतलं नाही. काठी आणि पट्ट्या पुढे ठेवून ती म्हणाली, "आक्का, पिरगाळलं की झुबका ढिला होतो हो. गाठ मारून मारून हात दुखले माझे. गावजेवण उद्यावर आलंय. तुमच्यासारखी गाठ दुसऱ्या कुणाला येते? तेवढं बांधून द्याल?"

येसाक्काने तिच्याकडे पाहिलं. ही पोर बोलते आहे ते खरं, हे तिला कळत होतं. केरसुणीसाठी नाही, तर नुसत्या तिच्या गाठीसाठी कुणी दारात येण्याची ही पहिलीच वेळ होती. तिच्या मनात आलं, बांधून द्यावं. आणि लगेच दुसरं आलं, की झुबका पक्का बसला तर नारळ गेला. सगळ्या गावासमोर हाक येईल ती सगुणाच्या नावाने, आणि आपण कुठेतरी मागे खांबापाशी उभ्या असू.

"आण इकडे," ती म्हणाली.

तिने जुडी गुडघ्याखाली दाबली. दोरीचे वेढे घातले, एकाला एक चिकटून, बघत राहावे असे. फक्त शेवटी टोक सगळ्या वेढ्यांखालून ओवायचं, ते तिने एकाच वेढ्याखाली खोचलं. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. जोराने पिरगाळेपर्यंत टिकेल आणि मग सुटेल, हे तिला मात्र नीट ठाऊक होतं.

"आक्का, तुमचे उपकार कसे फेडू?" सगुणाचे डोळे भरून आले होते.

"उपकार कसले? शेजारधर्म!" येसाक्का म्हणाली. पोटात एक आणि ओठांत एक.

चैत्रातला तो दिवस उजाडला. पहिली पंगत जेवून उठली. फरशीवर आमटीचे ओघळ आणि भाताची शितं. दुसरी पंगत रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांची आणि लांबून चालत आलेल्या वाटसरूंची. ती माणसं भुकेने कळवळून दारात उभी होती. मधोमध गव्हाच्या खिरीचं मोठं पातेलं उघडंच होतं. यंदा पहिल्या पंगतीआधी न देता राखून ठेवलेला नारळ घेऊन पाटलीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगुणा, पूस गं बाई. बघू दे सगळ्यांना."

सगुणा लाजत पुढे झाली. तिने एक ओळ पुसली. आरशासारखी! लोक वा वा म्हणाले. येसाक्का खांबाआड उभी होती. तिला वाटलं, पुरे आता, सुटायला नको. आणि तेवढ्याच जोरात वाटलं, सुटू दे.

सगुणाने झुबका चाळणीवर दाबला, काठी पिरगाळली आणि दुसऱ्या ओळीसाठी जोरात फिरवली. झुबका काठीवरून सुटला, हवेतून गेला आणि थेट खिरीच्या पातेल्यात जाऊन पडला.

लोक पातेल्याकडे धावले. मग एकच गलका उठला.

"खीर गेली! सगळी खीर नासली!"

"उष्टं पुसलेलं फडकं अन्नात टाकलंस?"

"हिला कुणी सांगितल्या होत्या या करामती?"

सगुणा खाली बसून हुंदके देत होती. "माझंच चुकलं. मीच जोरात पिरगाळलं." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पाटलीणबाईंनी पळीने तो झुबका बाहेर काढला. त्याला सुटलेली दोरी लोंबत होती. त्यांनी ती बोटांत धरली, खीर निपटली आणि ती उजेडाकडे नेली. दोरीत लाल दोरा होता. येसाक्काचे हात आपल्या सवयीने चालले होते. गाठ कच्ची मारताना तिने अक्कल चालवली, पण खूण घालू नये हे काही तिच्या हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

"येसाक्का," पाटलीणबाई म्हणाल्या, "ही दोरी तुझी?"

येसाक्का बोलायच्या आत सगुणाच घाईघाईने म्हणाली, "आक्कांना बोलू नका. त्यांनी मायेने बांधून दिलं होतं. त्यांची गाठ कधी सुटत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझाच हात जड."

ती बिचारी येसाक्काला वाचवायला गेली, आणि तिच्या एकेका शब्दाने येसाक्का उघडी पडत गेली. गर्दीतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "खरंच की. माझी केरसुणी मुठीएवढी उरली, पण गाठ नाही सुटली. मग हीच कशी सुटली?"

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. वर्षभर ज्या नजरांची ती वाट बघायची, त्या सगळ्या एकदम तिच्यावर आल्या. आपली गाठ कच्ची, असं म्हणावं तर जन्माचं नाव जातं, आणि गाठ पक्की म्हणावं तर पाप उघडं पडतं. दारातल्या वाटसरूंमधलं एक लहान पोर खिरीसाठी रडायला लागलं होतं. येसाक्काला ते ऐकवेना.

ती पुढे आली. "माझी गाठ सुटत नाही," ती म्हणाली. "मी ती सुटावी म्हणूनच तशी मारली. हिला नारळ मिळू नये म्हणून. माझ्या पोटात दुखत होतं."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. पाटलीणबाईंनी दोरी तिच्यापुढे धरली. "बांध मग आता," त्या म्हणाल्या.

येसाक्काने झुबका धुतला, गुडघ्याखाली दाबला, आणि सगळ्या गावासमोर दोरीचं टोक सगळ्या वेढ्यांखालून ओवून खेचलं. सगुणाने डोळे पुसून उरलेली फरशी पुसली. झुबका हलला नाही. दुसरी पंगत खिरीवाचून जेवून उठली आणि नारळ सगुणाला मिळाला.

येसाक्काला कुणी दंड केला नाही की वाळीत टाकलं नाही. दिवस गेले, दिवाळी आली. लक्ष्मीपूजनासाठी केरसुण्या घ्यायला गाव नेहमीसारखं तिच्या दारात आलं. पहिली बाई आली, तिने केरसुणी उचलली, आणि पैसे देण्याआधी गाठ धरून ओढून पाहिली. मग दुसरीनेही ओढून पाहिली. मग तिसरीने. येसाक्का खाली मान घालून बघत राहिली. इतक्या वर्षांत असं कुणी कधी केलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी सगुणा आली. तिने एक केरसुणी घेतली, पैसे ठेवले आणि गाठीकडे न बघताच म्हणाली, "येते हं आक्का. फराळाला या." आणि ती निघून गेली.

त्या दिवशी येसाक्का रडली ती गाठ ओढून पाहणाऱ्यांमुळे नाही. न ओढता गेलेल्या त्या एकीमुळे.

तात्पर्य: दुसऱ्याचं काम बिघडवायला आपलीच कला वापरली, तर दुसऱ्याचं काम पुन्हा उभं राहतं, पण आपल्या कलेवरचा लोकांचा विश्वास परत येत नाही.